रात्री कोणाजवळ?

दसरा झाला की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमांच्या फेऱ्या वाढतात. शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी, केज, आष्टी या बीड जिल्ह्यातल्या तालुक्यांत दिवाळीच्या आगेमागे कुठल्याही वाडीवर किंवा तांड्यावर गेलात, तर ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या भरताना दिसतात. पत्र्याची पेटी, पिठाचे डबे, गोधड्या, घागरी, ताडपत्री, कोपीसाठी म्हणजे झोपडीसाठी बांबू, एखादी शेळी आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. तासाभरात ट्रॅक्टर रस्त्याला लागतो. मागे वस्तीत बहुतेक करून दोनच वयांची माणसं उरतात. एक साठीच्या पुढची, दुसरी चौदाच्या आतली.

रेशनकार्डावरची नावं बदलत नाहीत. दार तेच, चूल तीच. पण काल ज्या घरात सहा माणसं जेवली, तिथे आज आजी आणि तीन नातवंडं जेवतात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलात ते घर पुन्हा सहा माणसांचं होतं. वर्षातून दोनदा, दरवर्षी, घराचा आकार असा बदलतो.

मुलांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं फार लवकर एकत्र कुटुंब की विभक्त कुटुंब या वळणाला जातं. एकत्र कुटुंबं मोडली म्हणून मुलं एकटी पडली, असं म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांची कळकळ खरी आहे. पण घराच्या रचनेचा मुलांवर नेमका काय परिणाम होतो हे खरोखर समजून घ्यायचं असेल, तर ऊसतोड कामगारांच्या घरांकडे पाहायला हवं असं मला वाटतं. इथे माणसं तीच, मुलं तीच, गरिबी तीच राहते. बदलते ती फक्त रचना, आणि तीही डोळ्यांदेखत.

ऊसतोडीत मजुराची मोजणी माणशी होत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती या जोडीला. एकटा बाप्या किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, त्याला उचलही अर्धी. हा साधा वाटणारा व्यवहार मुलांच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट करून जातो: धंदा आई आणि बाप दोघांना एकाच दिवशी, एकाच ट्रॉलीतून घरातून उचलून नेतो.

महाराष्ट्राला स्थलांतर नवं नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या घरांनी तीन-चार पिढ्या मुंबईच्या गिरण्यांना पुरुष पुरवले. बाप परळ-लालबागच्या खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर राही, खाणावळीत जेवी आणि गावाकडे मनीऑर्डर पाठवी. गणपती आणि शिमगा सोडला तर मुलांना बाप दिसत नसे. त्याचं दु:ख होतंच. तरीही त्या घरात आई होती, बहुधा आजी होती, काकी होती. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या घरातून मधली अख्खी पिढी उठून जाते. दोन्ही स्थलांतरंच, पण मुलाच्या उंचीवरून पाहिलं तर दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

हे अंतर किती असतं याबद्दल मानववंशशास्त्रात बरंच काम झालं आहे. रेबेका सिअर आणि रूथ मेस या संशोधिकांनी २००८ साली जगभरातल्या समाजांतले ४५ अभ्यास एकत्र करून तपासले. प्रश्न एकच होता: लहान मूल जगतं ते कोणाच्या असण्यामुळे? आधुनिक औषधोपचार फारसे न पोहोचलेले असे हे समाज. आई गेली तर मुलाच्या जिवाला धोका वाढतो, हे सगळीकडे दिसलं. बाप नसण्याचा परिणाम मात्र अनेक ठिकाणी जवळपास दिसलाच नाही, काही ठिकाणी दिसला. आणि मुलं जगवण्यात सातत्याने जिचा हात दिसला ती आईची आई. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात इयान मॅकग्रेगर या डॉक्टरांनी १९५० ते १९७४ या काळात काही खेड्यांतल्या मुलांची वजनं, उंची, जन्म आणि मृत्यू नोंदवून ठेवले होते. त्या नोंदींतूनही हेच निघालं. दूध तुटलेल्या वयात, ज्या मुलाची आईकडची आजी हयात होती त्याचं वजनही बरं होतं आणि जगण्याची शक्यताही जास्त होती.

आपल्या भाषेत आईच्या माहेराला मुलाच्या बाजूने वेगळा शब्द आहे, आजोळ. पहिलं बाळंतपण तिथे, सुट्टी तिथे, आजारातून उठलेलं मूल चार दिवस तिथे. या संशोधनाने जे आकड्यांत मांडलं, ते आपल्या बायकांनी एका शब्दात आणि एका रिवाजात साठवून ठेवलं होतं असं मला वाटतं.

पण ऊसतोडीच्या गावांत मुलं बहुतेक वेळा बापाच्या आईजवळ राहतात, कारण घर तिचं, जमिनीचा तुकडा तिथे, शाळेत नाव तिथे. बापाची आई नातवंडांसाठी काही करत नाही असं मुळीच नाही. सिअर आणि मेस यांच्या मांडणीतही ती अनेक ठिकाणी मुलांच्या उपयोगी पडताना दिसते. अडचण तिच्या मायेत नाही, तिच्या अंगात आहे. तिने स्वत: पंचवीस-तीस हंगाम ऊस तोडलेला असतो. मोळ्या वाहून मान आणि कंबर गेलेली असते. एका डोळ्यात मोतीबिंदू असतो. आणि तिच्याजवळ एका मुलाची नाहीत, दोन मुलांची मिळून चार-पाच नातवंडं असतात.

अशा एका घरी मी नोव्हेंबरातली एक संध्याकाळ काढली आहे. आजी चुलीपुढे बसली होती. भाकरी थापायची, मधेच हाताने चाचपून तव्यावरची उलटायची. तिसरीतली नात धूर चुकवत तिच्याशेजारी बसून भाकरी फुगली की सांगत होती. नजर नातीची, हात आजीचा, अशा भागीदारीवर स्वयंपाक चालला होता. मोठा नातू सहावीतला. तो अंधार पडेपर्यंत आला नाही. आजी दोनदा दारात जाऊन हाक मारून आली. विहिरीकडे गेला असेल, रस्त्यावरच्या हॉटेलात मोबाईल बघत बसला असेल, कोणी सांगावं. जाऊन शोधायला तिला दिसत नव्हतं, आणि धाकट्यांना सोडून जाताही येत नव्हतं. नऊ वाजता उसाच्या फडातून फोन आला. आईने विचारलं, "सगळे जेवले का?" आजीने सांगितलं, "जेवले." मोठा अजून आलेला नव्हता. खोटं बोलल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. फोन ठेवल्यावर म्हणाली, "तिकडं जीवाला घोर लावून काय करावं? तिथून ती यायली का काय?" साडेनऊला तो आला.

त्या रात्री त्या घरात काहीच झालं नाही. बहुतेक रात्री काहीच होत नाही. पण मुलाची सुरक्षितता म्हणजे काय, हे मला तिथे नीट कळलं. मूल वेळेवर आलं नाही हे लक्षात येणारं माणूस असावं लागतं, आणि उठून शोधायला जाऊ शकणारं माणूस असावं लागतं. त्या घरात पहिलं होतं, दुसरं नव्हतं.

मागे राहिलेल्या मुलांची ही एक बाजू. सोबत नेलेल्या मुलांची दुसरी. दूधपितं मूल आईबरोबर जातंच. मग त्याला सांभाळायला नऊ-दहा वर्षांची बहीण जाते. फडाजवळ किंवा कारखान्याच्या तळावर बांबू, पाचट आणि ताडपत्रीची कोपी असते. तिला दार नसतं. आई पहाटे तीन-चारला उठून भाकऱ्या करते आणि उजाडायच्या आत फडात जाते. दिवसभर तोड, मोळ्या बांधणं, वाहणं. गाडी आली की भरणी, मग ती रात्री बाराला येवो. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा, म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर दंडाची रक्कम अंगावर चढते. म्हणून मुलाला ताप असला तरी आईचा पाय घरात थांबत नाही. ते तापलेलं मूल त्या दहा वर्षांच्या पोरीच्या कडेवर असतं. पाचटात साप, आसपास उघड्या विहिरी, ट्रॅक्टरची ये-जा, आणि जुन्नरसारख्या पट्ट्यात उसातच वीण घालणारा बिबट्या. या सगळ्यांतून धाकट्याला वाचवणं हे तिचं काम.

सिअर आणि मेस यांच्या अभ्यासात मोठी भावंडंही धाकट्यांना जगवायला मदत करतात असं दिसलं आहे. मला त्यावर शंका नाही, ही पोर भावाला खरोखर जगवते. पण जगण्या-मरण्याच्या तक्त्यात ज्याचा जीव वाचला त्याचीच नोंद होते. ती चौथीतून कायमची सुटली, हे त्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात येत नाही. घरातल्या एका मुलाची सुरक्षितता अनेकदा दुसऱ्या मुलाच्या बालपणातून भरून काढलेली असते, आणि ते दुसरं मूल बहुधा मुलगी असतं.

हीच मुलगी तेरा-चौदाची झाली की घराच्या रचनेचा प्रश्न टोकाला जातो. तिला मागे ठेवायचं तर आजीला दिसत नाही, आणि आठवीनंतरची शाळा शेजारच्या गावात, वाटेत निर्जन माळ. बरोबर न्यायचं तर दार नसलेली कोपी, अंघोळीला आडोसा नाही, रात्री-बेरात्री भरणीला आलेले अनोळखी ड्रायव्हर. आई-बाप विचारतात, "पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवावं?" आणि या प्रश्नाला त्यांना गावातून एकच उत्तर मिळतं: उरकून टाका. लग्न झालं की ती कुणाच्या तरी भरवशावर जाते, आणि त्या घरात नवरा-बायकोचा एक नवा कोयताही तयार होतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. बीडमध्ये हे प्रमाण ४३.७ टक्के होतं आणि शेजारच्या परभणीत ४८ टक्के. इतर कारणं आहेतच. हुंड्याची रक्कम मुलीच्या वयाबरोबर वाढते, दुष्काळ आहे, जातपंचायतीचा धाक आहे. तरी या आकड्यांकडे केवळ मागासलेपणा म्हणून पाहणाऱ्यांशी मी सहमत नाही. बालविवाह हा गुन्हा आहे, त्याने मुलीचं आयुष्य आणि आरोग्य दोन्ही नासतं, यात मला तिळमात्र संशय नाही. पण तो करणारे कितीतरी आई-बाप मुलीच्या सुरक्षिततेच्याच काळजीने तो करतात. त्यांची काळजी खरी आहे, मार्ग भयंकर आहे. त्यांच्यापुढे सहा महिन्यांसाठी विश्वासाचं एक ठिकाण ठेवलं, तर त्यांच्यातले बरेच जण वाट बदलतात, असं तिथे काम करणारे शिक्षक सांगतात.

आता एकत्र कुटुंबाकडे येऊ. वर जे लिहिलं त्यावरून कोणी म्हणेल, म्हणजे घरात माणसं जास्त असली की मूल सुरक्षित. तसंही सरळ नाही. महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली भारतातल्या बालशोषणाचा मोठा अहवाल प्रसिद्ध केला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो तयार झाला होता. त्यात अर्ध्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारच्या लैंगिक शोषणाचा अनुभव सांगितला, आणि शोषण करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीतले किंवा विश्वासातले होते. भरलेल्या घरात लक्ष ठेवणारे डोळे जास्त असतात तसे मुलाला गप्प बसवणारे हातही जास्त असू शकतात. "घरातली गोष्ट घरात" या एका वाक्याने किती मुलींची तोंडं बंद झाली असतील. म्हणून घरात माणसं किती, एवढं विचारून भागत नाही. त्यांतल्या कोणाजवळ जाऊन मूल न घाबरता बोलू शकतं, हे विचारावं लागतं.

एकट्या आईच्या घराबद्दलही आपण असेच घाईने बोलतो. सारा मॅकलॅनहान आणि गॅरी सँडफर यांनी १९९४ साली अमेरिकेतल्या एकपालक घरांतल्या मुलांवर पुस्तक लिहिलं. ही मुलं शाळेत आणि पुढे मागे पडतात हे त्यांनी मांडलंच, पण त्यातला जवळपास निम्मा फरक निव्वळ कमी उत्पन्नामुळे असल्याचंही दाखवलं. मराठवाड्यातल्या विधवा किंवा टाकलेल्या बाईच्या घरात हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. तिला अर्धा कोयताच मिळतो, तोही कोणा नात्यातल्या पुरुषाबरोबर जोडी लावून. तिच्या मुलांना नेमकं काय कमी पडतं, बाप की पैसा आणि आईचा वेळ? राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेत अशा मुलांसाठी महिन्याला २,२५० रुपये मिळतात, मूल संस्थेत न टाकता घरातच वाढावं म्हणून. रक्कम थोडी आहे आणि कागदपत्रं फार. तरी घर मोडू न देता घराला टेकू देण्याची दिशा मला योग्य वाटते.

या साऱ्यात आशा वाटावी असा एक अभ्यास हवाई बेटांतल्या कवाई इथला आहे. तिथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. सुमारे एक तृतीयांश मुलं गरिबी, भांडणं, आजारी किंवा व्यसनी पालक अशा अनेक अडचणींत जन्मली होती. त्यांतलीही साधारण एक तृतीयांश मुलं चांगली, आत्मविश्वासाची, दुसऱ्याची काळजी घेणारी माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात एक गोष्ट वारंवार दिसली: अगदी लहानपणापासून एकातरी खंबीर माणसाशी घट्ट नातं. ते माणूस आई-बापच असेल असं नव्हतं. आजी-आजोबा, मावशी, मोठं भावंड, पुढे एखादे शिक्षक. घराचा आकार मोडका असूनही त्या एका माणसाने मूल धरून ठेवलं होतं.

ऊसतोडीच्या मुलांसाठी महाराष्ट्रात बरेच प्रयत्न झाले. 'जनार्थ'सारख्या संस्थांनी कारखान्याच्या आवारात साखरशाळा चालवल्या. शिक्षणहक्क कायदा २०१० साली लागू झाल्यावर भर जवळच्या नियमित शाळेवर आणि मुलांना मूळ गावीच थांबवण्यावर आला. त्यातून जिल्हा परिषद शाळांची हंगामी वसतिगृहं आली. नाव वसतिगृह, पण अनेक ठिकाणी मूल शाळेत दोन वेळा जेवतं आणि झोपायला आजीकडे किंवा नातेवाइकांकडे जातं. हे जेवण क्षुल्लक नाही, कित्येक आज्यांचं निम्मं ओझं त्याने उतरतं. पण रात्र तशीच राहते. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर झाली, ४१ तालुक्यांत मुलांची आणि मुलींची मिळून ८२ वसतिगृहं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीसाठी कुलूप लागणारं दार आणि रात्री हजर असणारी गृहपाल बाई, एवढ्याने तिचं लग्न चार वर्षं पुढे जाऊ शकतं. अशी खोली जिथे उभी राहते, तिथे ती मला शाळेइतकीच महत्त्वाची वाटते. पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी मात्र वसतिगृह हे उत्तर नाही. त्या वयाला माणूस लागतं, खाट नाही.

मुलं मोजायची कशी, हाही प्रश्नच आहे. चीनमध्ये २०१० च्या जनगणनेवरून खेड्यात मागे राहिलेल्या मुलांचा अंदाज ६ कोटींच्या वर गेला होता. २०१६ साली सरकारने व्याख्या बदलली. दोन्ही पालक बाहेर, किंवा एक बाहेर आणि दुसरा सांभाळण्यास असमर्थ, अशी १६ वर्षांखालची मुलंच धरली. आकडा ९० लाखांवर आला. व्याख्या बदलण्यामागे तर्क होता, पण उरलेली पाच कोटी मुलं एका रात्रीत सांभाळली गेली असं कसं म्हणणार? आपल्याकडेही ऑक्टोबरात स्थलांतरित पालकांच्या याद्या होतात. पालक कुठल्या कारखान्याला गेले, मूल बरोबर गेलं की थांबलं, एवढं लिहिलं की यादी पूर्ण होते.

पाटोद्याकडच्या एका दोनशिक्षकी शाळेत मी एक साधी दोनशे पानी वही पाहिली. २०१७ पासून शिक्षण विभागाने शाळाबाह्य आणि स्थलांतरित मुलांसाठी 'बालरक्षक' शिक्षक नेमायला सुरुवात केली. हे गुरुजी त्यांतले एक. त्यांनी पट्टीने रेघा मारून रकाने आखले होते: नाव, इयत्ता, आई-वडील कुठे, मुकादमाचा फोन. शेवटचा रकाना त्यांनी स्वत:च्या मनाने वाढवला होता, 'रात्री कोणाजवळ'. दर सोमवारी ते हजेरीनंतर एकेका मुलाला हळूच विचारून तो भरत. बहुतेकांपुढे 'आजी' होतं. दुसरीतल्या एका मुलीपुढे आधी 'आजी' लिहून खोडलेलं होतं, कारण आजीला दवाखान्यात ठेवलं होतं. मग 'चुलता' लिहिलं होतं. त्यावरही एक रेघ होती. कारण लिहिलेलं नव्हतं, गुरुजींनी मला सांगितलंही नाही. त्याखाली निळ्या शाईने नवी नोंद होती, 'शेजारच्या मावशी', आणि पुढे कंसात, 'मी स्वत: जाऊन बोललो'.